स्थिर विद्युत बल किती वेगाने बदलते? अवकलनाने उत्तर काढण्याची रीत

दोन प्रभारांमधील बल काढणे बहुतेक विद्यार्थ्यांना लवकर जमते, कारण कूलोमच्या सूत्रात किमती घातल्या की उत्तर मिळते. अडचण त्यापुढच्या प्रश्नाला येते. प्रभार एकमेकांपासून थोडे दूर सरकले तर बल कितीने कमी होईल, एक प्रभार ठरावीक वेगाने जवळ येत असेल तर बल दर सेकंदाला किती वाढेल, किंवा प्रभार हळूहळू गळत असेल तर काय होईल, असे विचारले की केवळ सूत्र पुरत नाही. तेथे अवकलन, म्हणजे एखाद्या राशीच्या बदलाचा त्या क्षणीचा दर काढण्याची गणिती रीत, लागते. घातांचा नियम, गुणाकाराचा नियम आणि साखळी नियम एवढे ज्याला येते, पण हे नियम भौतिकशास्त्राच्या गणितात नेमके कोठे बसवायचे हे ज्याला अजून उमगलेले नाही, त्याच्यासाठी हा लेख आहे. अकरावी-बारावीचे आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी साधारणपणे याच टप्प्यावर असतात.

लिहिण्याच्या सोयीसाठी काही अक्षरे ठरवून घेऊ. बल ब, दोन प्रभारांच्या केंद्रांमधील अंतर अ, आणि दोन प्रभार प व फ. कूलोमचा स्थिरांक क. त्याची किंमत निर्वातात ८.९९ अब्ज न्यूटन-मीटर² प्रति कूलोम² आहे, हवेत ती जवळजवळ तीच राहते, आणि हातच्या गणितात ती ९ अब्ज धरण्याची पद्धत आहे. मग सूत्र असे होते:

ब = क × प × फ ÷ अ²

प्रभार बदलत नसतील तर वरचा सगळा गुणाकार स्थिर असतो. त्याला ग म्हणावे, म्हणजे सूत्र ब = ग ÷ अ² इतके आटोपशीर होते आणि अवकलन करताना अक्षरांची गर्दी होत नाही.

आधी ठरवावे: कशाच्या सापेक्ष?

‘बलाच्या बदलाचा दर’ हा शब्दप्रयोग अपुरा आहे. बल अंतरावर अवलंबून आहे, दोन्ही प्रभारांवर अवलंबून आहे, आणि यांपैकी काहीही काळानुसार बदलत असेल तर काळावरही अवलंबून आहे. त्यामुळे दर कशाच्या सापेक्ष हवा आहे हे ठरवल्याशिवाय पेन उचलू नये. प्रश्नाच्या भाषेतून ते स्पष्ट होत नसेल तर उत्तराच्या एककाकडे पाहावे. न्यूटन प्रति मीटर मागितले असेल तर अवकलन अंतराच्या सापेक्ष करायचे आहे. न्यूटन प्रति सेकंद असेल तर काळाच्या सापेक्ष. आणि न्यूटन प्रति कूलोम असेल तर प्रभाराच्या सापेक्ष.

शेवटचा प्रकार पाठ्यपुस्तकात वेगळ्या नावाने आधीच येऊन गेलेला असतो. प आणि अ स्थिर ठेवून ब चे फ च्या सापेक्ष अवकलन केले तर क × प ÷ अ² हे उत्तर येते, आणि हे तर प या प्रभाराचे विद्युत क्षेत्र झाले. फ च्या दृष्टीने बलाचे सूत्र सरळ रेषेचे असल्यामुळे हा दर सगळीकडे सारखा असतो आणि त्यात फारसे करण्यासारखे काही उरत नाही. खरे काम अंतराच्या बाबतीत आहे, कारण तेथे दर स्वतःच जागोजाग बदलतो.

चिन्हांचा संकेतही याच वेळी पक्का करावा. या लेखात प्रतिकर्षण धन आणि आकर्षण ऋण मानले आहे, आणि अंतर अ नेहमी धन आहे. प्रभारांची चिन्हे सूत्रात तशीच घातली की हा संकेत आपोआप पाळला जातो.

एका ठोस उदाहरणावर सरासरी दर

प = २ मायक्रोकूलोम, फ = ३ मायक्रोकूलोम आणि अ = ०.३ मीटर घेऊ. ग ची किंमत ०.०५४ न्यूटन-मीटर² येते आणि बल ०.०५४ ÷ ०.०९ म्हणजे ०.६ न्यूटन येते. ही संख्या लक्षात ठेवावी, पुढे बराच वेळ ती सोबत राहणार आहे.

आता फ ला दूर सरकवू. अंतर ४० सेंटिमीटर केले तर बल ०.३३७५ न्यूटन उरते, म्हणजे ०.१ मीटर अंतरात बल ०.२६२५ न्यूटनने घटले आणि सरासरी दर −२.६२५ न्यूटन प्रति मीटर आला. पण ३० सेंटिमीटरच्या ठिकाणी खरोखरच हा दर आहे का? तपासण्यासाठी सरकवण्याचे अंतर कमी करत जावे. ३१ सेंटिमीटरपर्यंत सरकवले तर सरासरी दर −३.८१ येतो, ३०.१ सेंटिमीटरपर्यंत −३.९८, आणि ३०.०१ सेंटिमीटरपर्यंत −३.९९८. आकडे −४ कडे चालले आहेत हे उघड दिसते. ही जी सीमा आहे तिलाच आपण अवकलज म्हणतो, वर्गात ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतात तोच हा. नव्याने शिकणाऱ्याने ही चार उत्तरे एकदा तरी गणकयंत्रावर स्वतः काढून पाहावीत असे माझे मत आहे. नियम पाठ करण्यापेक्षा त्याने समज अधिक पक्की होते, आणि पुढे नियमाने काढलेले उत्तर पडताळण्याची सवयही लागते.

नियमाने अवकलज

ब = ग ÷ अ² म्हणजे ग गुणिले अ चा उणे दोनावा घात. घातांच्या नियमाने घात खाली उतरतो आणि एकाने कमी होतो:

ब चा अ-सापेक्ष अवकलज = −२ग ÷ अ³

किमती घातल्या तर −२ × ०.०५४ ÷ ०.०२७ = −४ न्यूटन प्रति मीटर. वरच्या आकड्यांशी हे जुळते. ऋण चिन्हाचा अर्थ असा, की अंतर वाढले की बल घटते. प्रभार विरुद्ध चिन्हांचे असते तर ग ऋण झाला असता आणि अवकलज धन आला असता. नवख्यांचा येथे हमखास गोंधळ होतो, कारण अंतर वाढवल्यावर आकर्षण कमी व्हायला हवे आणि उत्तर तर धन आले. पण विरोध काहीच नाही. आपल्या संकेतात आकर्षण ऋण आहे, ते −०.६ वरून −०.५६ कडे गेले म्हणजे संख्या वाढलीच, बलाचे परिमाण मात्र घटले.

येथे एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगितली पाहिजे. अ = ०.३ ही किंमत आधीच सूत्रात घालून मग अवकलन करायला गेले तर हातात ०.६ ही नुसती स्थिर संख्या असते आणि तिचा अवकलज शून्य येतो. किमती नेहमी अवकलनानंतर घालाव्यात. जी राशी बदलते आहे तिला शेवटपर्यंत अक्षरच राहू द्यावे.

अवकलजाचे सूत्र आणखी एका रूपात लिहिता येते, आणि रोजच्या कामासाठी मी तेच रूप सुचवेन. −२ग ÷ अ³ मधील ग ÷ अ² हे बलच आहे, म्हणून अवकलज = −२ब ÷ अ. बल आधी काढलेले असेल तर दर काढायला घन करत बसावे लागत नाही: −२ × ०.६ ÷ ०.३ = −४. पण सोयीपेक्षा मोठी गोष्ट या रूपात दडलेली आहे. दोन्ही बाजूंना ब ने भागून अंतरातील छोट्या बदलाने गुणले की असे वाक्य मिळते: बलातील टक्केवारी बदल हा अंतरातील टक्केवारी बदलाच्या उणे दुप्पट असतो. अंतर एक टक्क्याने वाढले तर बल दोन टक्क्यांनी घटते, मग प्रभार कितीही असोत आणि अंतर मिलिमीटरमध्ये असो की मीटरमध्ये.

मात्र हे वाक्य छोट्या बदलापुरतेच खरे आहे. अंतर दुप्पट केले, म्हणजे शंभर टक्क्यांनी वाढवले, तर बल दोनशे टक्क्यांनी घटत नाही. ते चौथाई उरते, म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांनी घटते. मग छोटा म्हणजे किती? याचे उत्तर दुसऱ्या अवकलजातून मिळते. −२ग ÷ अ³ चे पुन्हा अवकलन केले की ६ग ÷ अ⁴ येते, जे आपल्या उदाहरणात ४० न्यूटन प्रति मीटर² आहे. ३० वरून ३१ सेंटिमीटरला जाताना पहिला अवकलज ०.०४ न्यूटनची घट सांगतो. दुसऱ्या अवकलजाची दुरुस्ती, म्हणजे अर्धे गुणिले ४० गुणिले ०.०१ चा वर्ग, ०.००२ न्यूटन परत देते, आणि ०.०३८ हे उत्तर प्रत्यक्ष घटीशी जुळते. थोडक्यात, अंतरातील बदल जितके टक्के असेल त्याच्या साधारण दीडपट टक्के चूक उत्तरात शिरते. एक तृतीयांश टक्का बदलाला अर्धा टक्का चूक, तीन टक्के बदलाला पाच टक्क्यांच्या आसपास. ही चूक आपल्या कामाला चालेल की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

कूलोमच्या स्वतःच्या मोजमापांवर हे लावून पाहू

शार्ल-ऑगस्टिन द कूलोम याने १७८५ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेल्या प्रयोगात बारीक तारेला टांगलेली आडवी काडी होती. काडीच्या टोकाच्या प्रभारित गोळीला दुसरी तशीच स्थिर गोळी दूर ढकलत असे, आणि तारेला पडलेल्या पिळाच्या कोनावरून बल मोजले जात असे. गोळ्यांमधील अंतरही त्याने अंशांतच दिले आहे. पहिल्या वेळी गोळ्या ३६ अंशांवर थांबल्या, म्हणजे पीळही ३६ अंशांचा. मग त्याने तार वरून १२६ अंश पिळली. गोळ्या १८ अंशांवर आल्या आणि एकूण पीळ १२६ अधिक १८, म्हणजे १४४ अंश झाला. अंतर निम्मे आणि बल बरोबर चौपट. तिसऱ्या वेळी तार ५६७ अंश पिळली, गोळ्या साडेआठ अंशांवर आल्या आणि एकूण पीळ ५७५.५ अंश भरला.

तिसरा आकडा नियमाशी ताडून पाहावा. ३६ अंशांना ३६ इतके बल, तर ८.५ अंशांना व्यस्त वर्गाच्या नियमाने सुमारे ६४६ अंशांचा पीळ हवा. प्रत्यक्षात तो जवळजवळ अकरा टक्क्यांनी कमी आहे. नियमच चुकला असे वाटण्याआधी टक्केवारीचे वाक्य वापरावे. अंतर साडेआठऐवजी नऊ अंश असते तर नियमाने ५७६ आले असते, म्हणजे मोजलेल्या आकड्याला अगदी लागून. अर्ध्या अंशाचा फरक नऊ अंशांच्या तुलनेत साडेपाच टक्क्यांचा. त्याची दुप्पट अकरा टक्के. हाच अर्धा अंश पहिल्या मोजमापात, ३६ अंशांवर, बलात जेमतेम तीन टक्क्यांचा फरक पाडतो. अंतर जसजसे कमी होते तसतशी तीच चूक बलाच्या गणितात किती फुगते हे उणे दोन भागिले अ या एवढ्याशा पदावरून कळते. प्रयोगशाळेत चूक किती धरायची हा प्रश्न आला की मोजपट्टीची अचूकता नुसती लिहून न थांबता ती मोजलेल्या अंतराने भागून दुप्पट करावी.

दुसराही संशयित आहेच. प्रयोग चालू असताना दोन्ही गोळ्यांनी आपापला सुमारे साडेपाच टक्के प्रभार गमावला असता तरीही बल तितकेच कमी भरले असते. कूलोमला ही गळती चांगली ठाऊक होती आणि पुढे त्याने प्रभार हवेतून व आधारांवरून कसा कमी होतो यावर स्वतंत्र प्रयोग केले. त्यामुळे केवळ अंतर बदलते असे धरून आपल्यालाही भागणार नाही.

काळाच्या सापेक्ष दर

अंतर काळानुसार बदलत असेल तर साखळी नियम लागतो. बलाचा काळ-सापेक्ष दर म्हणजे बलाचा अंतर-सापेक्ष अवकलज गुणिले अंतराच्या बदलाचा दर. आपल्या उदाहरणात फ दर सेकंदाला ५ सेंटिमीटर या वेगाने दूर जात असेल तर अंतराचा दर +०.०५ मीटर प्रति सेकंद, आणि बलाचा दर −४ × ०.०५ = −०.२ न्यूटन प्रति सेकंद. तोच प्रभार त्याच वेगाने जवळ येत असेल तर अंतराचा दर −०.०५ घ्यावा लागतो आणि बल दर सेकंदाला ०.२ न्यूटनने वाढते. ‘जवळ येत आहे’ हे शब्द प्रश्नात दिसताच अंतराच्या दरापुढे उणे चिन्ह लिहून टाकावे. नंतर लिहू म्हटले की ते राहून जाते.

हा ०.२ न्यूटन प्रति सेकंद दर फक्त त्या क्षणापुरता आहे, हेही विसरू नये. वेग कायम ठेवून प्रभार १० सेंटिमीटरवर आला की बल ५.४ न्यूटन, म्हणजे नऊपट होते, पण अंतर-सापेक्ष दर −१०८ न्यूटन प्रति मीटर, म्हणजे सत्तावीसपट. तेव्हा बल दर सेकंदाला ५.४ न्यूटनने वाढत असते. दर सेकंदाला ०.२ या दराने सहा सेकंदांत १.२ न्यूटन वाढेल असा हिशेब केला तर तो साफ चुकतो, कारण सहा सेकंदांनंतर तर दोन्ही प्रभारांच्या जागाच एक झालेल्या असतील.

आता प्रभारही बदलू द्यावेत. गुणाकाराचा नियम लावून सगळी पदे लिहिता येतात, पण ती लांबतात. त्यापेक्षा सूत्राचा आधी नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यावा. त्याने गुणाकाराची बेरीज होते, भागाकाराची वजाबाकी होते आणि वर्गाचा दोन पुढे येतो. मग अवकलन केले की असे दिसते:

बलाचा दर ÷ ब = (प चा दर ÷ प) + (फ चा दर ÷ फ) − २ × (अंतराचा दर ÷ अ)

प्रत्येक कंसात त्या राशीचा दर सेकंदाचा टक्केवारी बदल आहे, एवढेच. या विषयातील कोणते एक समीकरण वहीच्या पहिल्या पानावर लिहावे असे विचारले तर मी हे सांगेन. वर पाहिलेली दरांची बहुतेक सूत्रे यातूनच निघतात. एकच अट आहे: त्या क्षणी कोणताही प्रभार शून्य नसावा, कारण मग भागाकाराला अर्थ उरत नाही आणि गुणाकाराच्या नियमाकडे परत जावे लागते. प्रभार विरुद्ध चिन्हांचे असतील तर लॉगॅरिदम परिमाणांचा घ्यावा; समीकरणात फरक पडत नाही.

पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात स्थिर विद्युतेचे प्रयोग ज्यांनी करून पाहिले असतील त्यांना गळती म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. दमट हवेत काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या पृष्ठभागांवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटतो. डिसेंबरात कंगव्याला चिकटणारे कागदाचे कपटे जुलैत हलतही नाहीत. समजा, अशा हवेत आपला २ मायक्रोकूलोमचा प्रभार दर सेकंदाला ०.०२ मायक्रोकूलोमने घटतो आहे, ३ मायक्रोकूलोमचा ०.०१५ ने, आणि त्याच वेळी अंतर ३ मिलिमीटर प्रति सेकंद या वेगाने कमी होते आहे. टक्क्यांत मांडले तर पहिला प्रभार −१, दुसरा −०.५, अंतर −१. म्हणून बलाचा टक्केवारी दर −१ − ०.५ + २ = +०.५ टक्के प्रति सेकंद. ०.६ न्यूटनचा अर्धा टक्का ०.००३ न्यूटन, म्हणजे दोन्ही प्रभार गळत असूनही बल दर सेकंदाला ०.००३ न्यूटनने वाढते आहे. आणि बल त्या क्षणी स्थिर ठेवायचे असते तर? गळतीचे दीड टक्के भरून काढायला अंतर दर सेकंदाला पाऊण टक्क्याने, म्हणजे २.२५ मिलिमीटरने, कमी करावे लागले असते. हे सगळे तोंडी होते, हीच या रूपाची खुबी.

गळती प्रभाराच्याच प्रमाणात होत असेल, तर प्रभार घातांकी पद्धतीने घटतो. दोन्ही प्रभारांची गळती सारख्याच गतीची असेल तर दोघांचा टक्केवारी दर सारखा, आणि अंतर स्थिर असताना बल त्याच्या दुप्पट टक्केवारी दराने घटते.

दोनापेक्षा अधिक प्रभार: दिशा सुटू देऊ नये

आतापर्यंत सगळे एका रेषेवर होते. तिसरा प्रभार आला की बलाला दिशा आहे याची जाणीव ठेवावी लागते. येथे क्रम असा असावा: प्रत्येक बलाचे घटक काढावेत, घटकांची बेरीज करावी, आणि मगच अवकलन करावे. परिमाणांची बेरीज करून अवकलन करणे चुकीचे.

एक मायक्रोकूलोमचे दोन धन प्रभार एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर पक्के बसवले आहेत, आणि बरोबर मध्यभागी एक मायक्रोकूलोमचा तिसरा धन प्रभार आहे, अशी कल्पना करावी. मध्यापासून प्रत्येक बाजूचे अंतर ड = ०.१ मीटर, आणि ग आता ०.००९ न्यूटन-मीटर². मध्यभागी दोन्ही बले एकमेकांना रद्द करतात, एकूण बल शून्य. पण तो प्रभार तेथे टिकेल का? हे शून्य सांगत नाही. ते अवकलज सांगतो.

प्रथम प्रभाराला जोडरेषेवरच क्ष इतके सरकवू. बल = ग ÷ (ड + क्ष)² − ग ÷ (ड − क्ष)². याचे क्ष च्या सापेक्ष अवकलन करून क्ष = ० घातले की −४ग ÷ ड³ येते, म्हणजे −३६ न्यूटन प्रति मीटर. ऋण अवकलज म्हणजे उजवीकडे सरकवले तर बल डावीकडे. प्रभार मध्याकडे परततो. तोच प्रभार बारीक गुळगुळीत विसंवाही दांड्यावर ओवलेला १० ग्रॅमचा मणी असेल तर तो छोट्या विस्थापनांसाठी सरल आवर्त गती करील, आणि तिची कोनीय वारंवारता ३६ ÷ ०.०१ चे वर्गमूळ, म्हणजे ६० रेडियन प्रति सेकंद असेल. साधारण साडेनऊ आवर्तने दर सेकंदाला. स्प्रिंग नसताना स्प्रिंगचा स्थिरांक मिळाला तो केवळ अवकलजातून.

आता दांडा काढून प्रभाराला जोडरेषेला लंब दिशेने क्ष इतके सरकवू. दोन्ही बलांचे जोडरेषेवरील घटक रद्द होतात, लंब घटक जुळतात, आणि एकूण बल येते २ग × क्ष भागिले (क्ष² + ड²) चा ३/२ घात. मध्यभागी याचा अवकलज २ग ÷ ड³, म्हणजे +१८ न्यूटन प्रति मीटर. धन! म्हणजे त्या दिशेने प्रभार जरासा हलला की आणखी दूर फेकला जातो. जोडरेषेला लंब अशा दिशा दोन आहेत आणि दोन्हींत उत्तर तेच. तिन्ही दिशांचे दर आता एकत्र पाहावेत: −३६, +१८, +१८. बेरीज शून्य.

ही बेरीज योगायोगाने शून्य आलेली नाही. प्रभार नसलेल्या जागेत व्यस्त वर्गाच्या बलाच्या तीन परस्परलंब दिशांतील या दरांची बेरीज नेहमीच शून्य असते. त्यामुळे तिन्ही दर एकाच वेळी ऋण असणे अशक्य, आणि म्हणून फक्त स्थिर प्रभारांच्या बलावर एखादा प्रभार अधांतरी स्थिर तोलून धरणेही अशक्य. सॅम्युअल अर्नशॉ याच्या नावाने ओळखले जाणारे हे प्रमेय १८४२ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्याला याचा रोखठोक उपयोग असा, की तीन दिशांचे दर काढल्यावर बेरीज शून्य आली नाही तर कोठेतरी चिन्ह किंवा घात चुकला आहे हे लगेच समजते.

लंब दिशेच्या सूत्रात आणखी एक प्रश्न दडला आहे. मध्यभागी बल शून्य, फार दूरही बल जवळजवळ शून्य; मग सर्वाधिक कोठे? अवकलजाचा अंश ड² − २क्ष² या गुणकावर येऊन थांबतो, आणि तो शून्य होतो तेव्हा क्ष = ड ÷ √२, म्हणजे ७.०७ सेंटिमीटर. तेथे बल ०.६९३ न्यूटन. पडताळा म्हणून दोन्ही बाजूंचे एकेक मूल्य काढावे: ५ सेंटिमीटरवर ०.६४४, १० सेंटिमीटरवर ०.६३६. दोन्ही कमी आहेत, म्हणजे ते महत्तमच. अवकलज शून्य आला एवढ्यावर समाधान न मानता हा दोन मिनिटांचा पडताळा करावा, परीक्षेत सुद्धा.

सूत्र कोठे लागू नाही

वरचे सगळे बिंदुप्रभारांसाठी आहे. धातूचे गोळे एकमेकांपासून आपल्या त्रिज्येच्या कितीतरी पट दूर असतील तर ते बिंदू धरता येतात. जवळ आले की एका गोळ्यावरचा प्रभार दुसऱ्याच्या प्रभावाने पृष्ठभागावर सरकतो, समान प्रभार एकमेकांपासून लांबच्या बाजूला जातात, आणि बल ग ÷ अ² पेक्षा कमी भरते. मग −२ हा आकडाही जसाच्या तसा वापरता येत नाही. प्रभार पाण्यात किंवा तेलात असतील तर बल त्या माध्यमाच्या सापेक्ष परावैद्युतांकाने भागले जाते, पाण्यासाठी तो सुमारे ८० आहे. पण टक्केवारीचे समीकरण बदलत नाही, कारण स्थिर भाजक लॉगॅरिदमच्या अवकलनात नाहीसा होतो.

बलाचा घात दोन नसेल तेथे समीकरणातील दोनाच्या जागी तो घात घालावा. विद्युत द्विध्रुवाच्या (म्हणजे जवळजवळ ठेवलेल्या, सारख्या परिमाणाच्या पण विरुद्ध चिन्हांच्या दोन प्रभारांच्या जोडीच्या) अक्षावर, त्याच्या लांबीच्या मानाने बऱ्याच दूर असलेल्या प्रभारावरील बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून तेथे अंतर एक टक्का वाढले की बल तीन टक्के घटते. सरावासाठी आणखी एक उदाहरण घ्यावे. भूसंपर्कित मोठ्या सपाट धातूच्या पत्र्यासमोर उ उंचीवर प हा प्रभार असेल तर त्याच्यावरील आकर्षण पत्र्यापलीकडे तितक्याच खोल असलेल्या प्रतिमा-प्रभाराने (पत्र्याऐवजी कल्पिलेल्या, विरुद्ध चिन्हाच्या तेवढ्याच प्रभाराने) काढता येते, आणि त्याचे परिमाण क × प² ÷ (४उ²) येते. प्रभार पत्र्यापासून दूर नेला तर प्रतिमाही तितकीच मागे सरकते, त्यामुळे दोघांतील अंतर दुप्पट वेगाने वाढते. म्हणून टक्केवारी दर −४ येईल असे पहिल्या नजरेत वाटते. पण मूळ अंतरही २उ आहे, दोन्ही दोन एकमेकांना छेदतात, आणि उत्तर −२ × (उंचीचा दर ÷ उ) हेच राहते.